साखरलेली व्हायल

“साखरलंय हे, मॅडम.”

ताईंनी व्हायल दिव्याखाली धरून एकदा सावकाश आडवी केली, मग उभी केली आणि माझ्या हातात ठेवली. एवढंच बोलून त्या पुन्हा आपल्या ट्रेकडे वळल्या. माझ्या टेबलावर त्याच व्हायलबद्दल तीन पानी तक्रार पडलेली होती. तिच्यात ‘काचेसारखे टोकदार कण’ हे शब्द तीनदा आले होते, आणि ‘काच’ वाचल्यापासून आमच्या क्वालिटीच्या खोलीत दोन दिवस कुणी धड डबा खाल्ला नव्हता.

नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतला इंजेक्शनांचा कारखाना, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. माल जानेवारीत अमेरिकेला गेला होता. दहा मिलिलिटरच्या व्हायल, आत टेस्टोस्टेरॉन सायपिओनेट, दर मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम, आणि त्याला धरून ठेवणारं तेल सरकीचं. ज्या पुरुषांच्या अंगात हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही त्यांना ते दर दोन ते चार आठवड्यांनी स्नायूत टोचतात. तेलातून ते हळूहळू रक्तात झिरपतं, म्हणून रोज सुई नको. तिकडच्या गोदामात खोके उघडले तेव्हा व्हायलींच्या तळाशी सुया दिसल्या. काही व्हायलींत एखाददुसरी, काहींत कापसाच्या बोळ्यासारखा गुंता.

ताई इन्स्पेक्शनला एकोणीस वर्षं होत्या. शिक्षण दहावी. त्यांच्या समोर एक उघडा खोका असायचा, त्याचा अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा, वरून झगझगीत दिवा. व्हायल काळ्या पडद्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. उजेड २००० ते ३७५० लक्सच्या मध्ये हवा, तो मोजून त्याची नोंद ठेवायची. ठरावीक वेळानं डोळ्यांना विश्रांती, दरवर्षी डोळ्यांची तपासणी. पाण्यातलं इंजेक्शन बघायला सोपं. व्हायल फिरवली की कण भोवऱ्यात सापडतो आणि नाचायला लागतो. तेलात कण नाचत नाहीत, ते कंटाळल्यासारखे सरकतात. शिवाय बुडबुडे. व्हायल जरा जोरात उलटी केली की बारीक बुडबुडे होतात, ते वर जायला वेळ घेतात आणि नवख्या मुलीला प्रत्येक बुडबुडा कण वाटतो. ताई नव्या मुलींना सांगायच्या, “तेलाला घाई करायची नाही. आधी त्याला शांत होऊ दे, मग बघ.” डोळ्यात तेल घालून काम करणं म्हणजे काय, हे मी आमच्या तेलाच्या लाइनवर पाहिलं. ही कोटी कारखान्यात प्रत्येकानं एकदा तरी केलेली आहे, त्यामुळे माझीही माफ असावी.

तर ताईंचा निकाल लागला होता. पण तक्रारीला उत्तर म्हणून ‘आमच्या ताई म्हणाल्या’ असं लिहिता येत नाही.

काचेची भीती उगाच नव्हती. २०१० च्या सुमारास अमेरिकेत काही इंजेक्शनं बाजारातून परत बोलवावी लागली होती. कारण व्हायलच्या आतल्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटून औषधात उतरले होते. पुढच्या वर्षी तिथल्या औषध प्रशासनानं कारखान्यांना त्याबद्दल सावधही केलं. आमच्या प्लँट हेड साहेबांच्या डोक्यात तेच बसलं होतं. मी म्हटलं, “सर, काचेला खातं ते पाणी, त्यातही अल्कलीकडे झुकणारं. तेल काचेला काय करणार?” ते म्हणाले, “ते तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांना कागदावर दाखवा.”

कागदावर दाखवणं मायक्रोस्कोपनं सोपं केलं. व्हायलमधलं थोडं तेल आणि दोन-तीन सुया काचपट्टीवर घेतल्या. साध्या उजेडात त्या खरंच काचेच्या कपच्यांसारख्या दिसतात, पारदर्शक, कडा सरळ, टोकं तिरकी कापलेली. तक्रार लिहिणाऱ्याचा काही दोष नव्हता. मग प्रकाशाच्या वाटेत दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात बसवले. सगळं दृश्य काळंकुट्ट होतं. काच असेल तर तीही काळोखात बुडते, कारण काचेच्या आत अणूंची स्फटिकासारखी शिस्त नसते. आमच्या सुया त्या काळोखात पेटल्या. निळ्या, नारिंगी, मधेच पिवळ्या, पट्टी फिरवली की रंग विझायचे, आणखी फिरवली की परत यायचे. शेजारी मुद्दाम फोडलेल्या एका रिकाम्या व्हायलचा चुरा ठेवला होता, तो काळाच राहिला. आमच्या लॅबमधला ज्युनिअर मुलगा आयपीसमधून बघून म्हणाला, “मॅडम, दिवाळी!” तेव्हा त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

तरी एक शंका उरत होती. रंग तेलातल्या घट्ट चरबीचेही दिसू शकतात. सरकीच्या तेलाचा हा स्वभावच आहे, दहा अंशांच्या खाली गेलं की त्यातली जड चरबी कणाकणानं वेगळी होते, आणि शून्य ते उणे पाचच्या आसपास तेल जवळजवळ गोठतंच. मग हे कण तेलाचे की औषधाचे? तेल गाळून सुया वेगळ्या केल्या, थंड द्रावकाच्या चार थेंबांनी त्यांच्यावरचं तेल धुतलं, वाळवल्या आणि वितळणबिंदू काढायच्या नळीत भरल्या. चरबी असती तर नळी जरा तापताच पाघळली असती. सुया साठला तशाच, ऐंशीला तशाच. शंभरच्या आसपास नळीतली पूड ओलसर दिसली आणि खाली बसली. टेस्टोस्टेरॉन सायपिओनेट तिथेच वितळतं. म्हणजे बाहेरून आत काहीच आलेलं नव्हतं. आत होतं तेच बाहेर पडून बसलं होतं.

ताईंचा शब्द मला त्या दिवसापासून फार आवडतो. मध साखरतो, पाक साखरतो. बाहेरून त्यात काही पडलेलं नसतं. पाकात जेवढी साखर मावायला हवी त्याहून जास्त आपण उष्णतेच्या जोरावर कोंबलेली असते, आणि उष्णता गेली की ती आपली जागा मागते. आमच्या व्हायलमध्येही तसंच. चहाच्या चमचाभर तेलात एक ग्रॅम औषध. नुसतं सरकीचं तेल एवढं ओझं उचलत नाही, म्हणून त्यात एक पंचमांश बेंझिल बेंझोएट घालतात. खरजेवर लावायचं ते पांढरं औषध आठवतं? तेच द्रव्य. अंगाला लावलं की चरचरणारं ते द्रव्य इथे औषधाला तेलात धरून ठेवण्याचं काम करतं. जोडीला बेंझिल अल्कोहोल, एका टक्क्याहूनही कमी, जंतू वाढू नयेत म्हणून. एकदा टोचलेली व्हायल पुन्हा पुन्हा वापरायची असते, त्यामुळे ते लागतंच.

टेस्टोस्टेरॉनच्या सगळ्या एस्टरांची ही कटकट सारखी नसते. एनंथेट नावाचा त्याचा भाऊबंद अंगाच्या उबेलाच वितळण्याच्या बेतात असतो, छत्तीस-सदतीस अंशांच्या आसपास. मुळातच मऊ माणूस, त्याची समजूत तळहातांमध्ये व्हायल फिरवूनही निघते. आमचा सायपिओनेट शंभरला वितळणारा, म्हणजे हट्टी. त्याच्या माहितीपत्रकात मात्र वर्षानुवर्षं एक वाक्य छापलेलं आहे: कमी तापमानात राहिल्यानं स्फटिक झाले असतील तर व्हायल कोमट करून हलवली की ते परत विरघळतील. ते वाक्य मी शंभरदा प्रूफ म्हणून वाचलं होतं, स्वल्पविरामासकट. एखाद्या दिवशी त्याची गरज पडेल असं मात्र मनात आलं नव्हतं.

काच नाही म्हटल्यावर साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं, ते वाक्य अधोरेखित करून उत्तर पाठवायचं. मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करते. पण उत्तर लिहिताना वाटलं, आपण सांगतोय ते निदान एकदा करून तरी बघावं.

आठ व्हायल घेतल्या, सगळ्या परत आलेल्या. पहिली नुसती तळहातांत घोळवत बसले. मीटिंगभर घोळवली, सुया जशाच्या तशा. दुसरी कोमट पाण्यात ठेवली. अर्ध्या तासात सुया बारीक झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. दिव्याखाली स्वच्छ. मी खूश होऊन ती, आणि तिच्याबरोबर कधीच न साखरलेली एक कोरी व्हायल, पाच अंशांच्या कपाटात ठेवून घरी गेले. सकाळी कोरी व्हायल स्वच्छ होती. माझी ‘दुरुस्त’ केलेली तळापासून फुलली होती.

ज्युनिअर मुलगा म्हणाला, “मॅडम, हिला सवय लागली.”

सवयच म्हणायची. दिव्याखाली आपल्याला जे दिसत नाही ते संपलेलं असतंच असं नाही. काचेच्या ओरखड्यात, बुचाच्या काठाला, कुठेतरी स्फटिकाचा अंश उरतो, आणि थंडी पडली की तो विरजणाचं काम करतो. खडीसाखर करताना पाकात दोरा का सोडतात? साखरेला धरायला काहीतरी हवं असतं. कोऱ्या व्हायलीत औषध जागा मागत होतं पण पहिला खडा कुठे मांडायचा हे त्याला ठरवता येत नव्हतं. माझ्या व्हायलीत तो आधीच मांडलेला होता. तिसऱ्या व्हायलीला मी पाणी थोडं जास्त गरम दिलं, सुया दिसेनाशा झाल्यावरही तितकाच वेळ आणखी ठेवली, मधूनमधून उलटी करून बुचाच्या खालची बाजूही तेलात बुडवली. ती त्या रात्री शांत राहिली.

मग आणखी एक गोष्ट केली, आणि या सगळ्या कामात मला खरं शहाणपण तिनं दिलं. चौथी व्हायल गरम केलीच नाही. घाईतली नर्स घेईल तशी सिरिंज टोचली आणि वरचं नितळ तेल अर्धा मिलि काढून घेतलं. सुया तळाशी, वर स्वच्छ पिवळं तेल, बघणाऱ्याला वाटावं गाळ टाळला की झालं. ते तेल एचपीएलसीवर, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, चालवलं. या इंजेक्शनात औषधाचं प्रमाण लेबलवरच्या आकड्याच्या ९० ते ११० टक्क्यांत असावं लागतं. आमचा आकडा त्याच्या खाली गेला होता. तशी आश्चर्याची गोष्ट नाही, जे तळाशी बसलंय ते तेलात नाही, हे कुणीही सांगेल. पण दोन दिवस आम्ही सगळे सुईच्या टोकाला घाबरलो होतो. रुग्णाला काही टोचेल, गाठ होईल, कज्जे होतील. खरी गडबड त्या नितळ तेलात होती. व्हायल एकाच रुग्णाची, महिनोन् महिने पुरणारी. सुरुवातीचे डोस कमजोर. डॉक्टर म्हणणार, गुण येत नाही, मात्रा वाढवू. तोवर उन्हाळा येणार, किंवा शेवटी कुणीतरी व्हायल कोमट करणार, आणि उरलेल्या दोन-तीन मिलिलिटरमध्ये सगळं तळाचं औषध उतरणार. प्रत्येक डोस कागदावर अगदी बरोबर.

म्हणून उत्तरात मी एक ओळ घातली: स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत व्हायलमधून औषध काढू नये, आणि ते विरघळत नसतील तर ती व्हायल वापरू नये. साहेबांनी दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवलं. “हे कशाला? आपणच माल परत मागवतोय असं वाटतं.” बरीच वादावादी झाली. ओळ राहिली, पण तिच्या आधी ‘शक्यतो’ आला. आमच्या कारखान्यात ‘शक्यतो’ या शब्दाचा खप मोठा होता.

थंडी कुठे लागली हे शोधणं हा वेगळाच तमाशा. खोक्यांबरोबर तापमान नोंदवणारा एक लॉगर गेला होता, एकच, आणि तोही पॅलेटच्या मधोमध. त्यानं एका रात्री तीन अंशांची नोंद केली होती. मधोमध तीन, तर कडेच्या खोक्यांचं काय झालं असेल? माल विमानातून उतरल्यावर उघड्यावर थांबला होता की ट्रकमध्ये, याबद्दल वाहतूकदारानं हात वर केले. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं होतं, २० ते २५ अंश. कडेच्या व्हायलींतलं तेल त्या रात्री दह्यासारखं घट्ट झालं असणार. सकाळी ऊब मिळाल्यावर तेल परत आलं. औषध आलं नाही.

आणि आमच्या चाचण्या? एका मोठ्या खोलीत ओळीनं उभी कपाटं, एकात २५ अंश, एकात ३०, एकात ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. तिथे व्हायल सहा महिने, वर्ष, दोन वर्षं शिजत असतात, आणि ठरलेल्या तारखेला आम्ही काढून तपासतो. सगळा धाक उन्हाचा. आपल्या देशातल्या औषधांची लेबलं काढून बघा, ‘३० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये’ असं हमखास सापडेल. किती खाली चालेल हे सहसा कुणी लिहीत नाही. नाशिकला डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहापर्यंत घसरला की द्राक्षबागवाले रात्री बागेत शेकोट्या करतात, आणि त्याच रात्री त्याच तालुक्यातल्या मेडिकल दुकानांच्या फळ्यांवर आमच्यासारख्यांची इंजेक्शनं उघडी पडलेली असतात.

थंड-गरम आलटून पालटून देण्याची चाचणी वेगळी असते. आमच्या फाइलीत ती होती, तीन फेऱ्या, निकाल ‘बदल नाही’. मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले. खोटा नव्हता. चाचणीच्या कपाटात व्हायल निवांत उभी असते, तिला कुणी धक्का लावत नाही. ट्रकमध्ये ती हजार मैल खडखडते, आणि थंड झालेल्या, जागा मागणाऱ्या औषधाला एक हिसका पुरतो. माझी कोरी व्हायलही पाच अंशांत कशी गप्प राहिली होती! तशीच एक मुद्दाम थंड असतानाच टेबलावर आपटली, तासाभरानं पुन्हा आपटली. तिसऱ्या दिवशी तिच्या खांद्याशी पहिली सुई आली.

मग बैठकीत नेहमीचा प्रश्न आला: बेंझिल बेंझोएट थोडं वाढवा, हाय काय अन् नाय काय! विचारणारे मार्केटिंगचे. त्यांना सांगावं लागलं की मूळ कंपनीच्या औषधाची नक्कल म्हणून अमेरिकेत परवानगी घेतलेली आहे, आणि इंजेक्शनात नक्कल म्हणजे आतले साहाय्यक घटक तेच आणि त्याच प्रमाणात. परिरक्षक किंवा अशा दोन-तीन गोष्टींत फरक चालतो, द्रावकात नाही. शिवाय बेंझोएट जास्त म्हणजे टोचल्यावर आग जास्त. मूळ औषधही थंडीत साखरतंच, म्हणून तर त्याच्या पत्रकात ते वाक्य आहे. नक्कल इतकी तंतोतंत की खोडसुद्धा तीच. शेवटी जे झालं ते अगदी गद्य होतं: हिवाळ्यात जाणाऱ्या मालाला उबदार आवरण, प्रत्येक पॅलेटला चार लॉगर, त्यातले दोन कोपऱ्यात.

या सगळ्यानंतर मला एक विचित्र खोड लागली. कुणाच्याही घरी गेले की मी फ्रीजच्या दारात बघते.

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुण्याला तिची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू होती, गर्भ गर्भाशयात सोडून चार दिवस झालेले, रोज रात्री प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन. “मावशी, अगं यात तळाला काहीतरी पांढरं बसलंय. सिस्टर आलीये, ती म्हणते असू दे, काही होत नाही. घेऊ का?”

“कुठं ठेवली होतीस?”

“फ्रीजमध्ये. सासूबाईंनी ठेवली. इंजेक्शन ना ते!”

इंजेक्शन म्हणजे फ्रीज, हे आपल्याकडे गृहीतच असतं. लस फ्रीजमध्ये, इन्सुलिन फ्रीजमध्ये, मग हे का नाही? सासूबाईंनी मायेनंच केलं होतं, लोणी आणि विरजणाच्या मधल्या कप्प्यात, वर रुमाल घालून. प्रोजेस्टेरॉनही हट्टी जातीचं, वितळायला सव्वाशेच्या वर तापमान मागणारं, आणि तेलात मोजकंच मावणारं. मी तिला खोक्यावरची साठवणुकीची ओळ वाचायला सांगितली. फ्रीजचा उल्लेखच नव्हता. बाकीच्या कुप्यांत काही बसलंय का विचारलं. तिनं एकेक दिव्यासमोर धरली. तिला मी फोनवर शिकवत होते, हळू आडवी कर, बुडबुडे जाऊ देत, काळी ओढणी मागे धर. तीन साखरलेल्या, चार नितळ. “ती साखरलेली आज राहू दे. नितळ घे, आधी खोलीत येऊ दे तिला. आणि उद्या सकाळी डॉक्टरांना सगळ्या दाखव.” सिस्टर मागून म्हणाली, “ताई, आम्ही देतो हो अशी, कितीतरी वेळा.” तिच्यावर मी चिडले नाही. दिवसाला वीस घरं फिरणाऱ्या बाईला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

जिमवाल्या मुलावर मात्र चिडले. आमच्याच सोसायटीतला, बावीस-तेवीसचा, लहानपणी माझ्याकडे गणिताला यायचा. “काकू, तुम्ही औषधाच्या कंपनीत ना?” म्हणत त्यानं खिशातून व्हायल काढली. चकचकीत लेबल, सिंहाचं तोंड, दर मिलिलिटरला ४०० मिलिग्रॅम असा दावा, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. तेलाचा अर्धा भाग स्फटिकांनी भरलेला. जिममधल्या कुणीतरी त्याला मायक्रोवेव्हचा सल्ला दिला होता. बंद बुचाची व्हायल मायक्रोवेव्हमध्ये! आमच्या दोनशेला थंडी लागल्यावर जे होतं ते याच्या चारशेला घरच्या तापमानातच झालं होतं. एवढं ओझं त्या तेलाला झेपणारंच नव्हतं, आणि मुळात ते कसलं तेल, गाळलं कशातून, भरलं कुठल्या स्वयंपाकघरात? आम्ही तेलाला कोरड्या उष्णतेनं तासन् तास तापवतो, कारण वाफ तेलाच्या आत शिरत नाही. मग ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून त्याला इतक्या संथपणे काढतो की लाइनवरचे लोक डुलक्या घेतात. त्याला हे सगळं सांगितलं. तो मान हलवत होता, नजर व्हायलीवर. “पण काकू, गरम केल्यावर क्लिअर होईल ना?”

होईल, हेच तर दुखणं. नितळ होईल आणि नितळ दिसलं की चांगलं वाटतं. ती व्हायल मी ठेवून घेतली. त्यानं दुसरी आणली असेलच.

आमच्या ताईंची एक गोष्ट राहिली. इन्स्पेक्शनच्या मुलींची दरवर्षी परीक्षा होते. चांगल्या व्हायलींत मुद्दाम दोषी व्हायल मिसळलेला संच असतो, कुणात केस, कुणात रबराचा तुकडा, कुणाचं सील तिरकं, आणि प्रत्येकीच्या तळाला फक्त आम्हाला कळेल असा क्रमांक. त्या तक्रारीनंतर मी मोठ्या हौसेनं एक साखरलेली व्हायलही त्या संचात घातली. संच राहायचा माझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, आणि शनिवारी दुपारपासून सोमवारपर्यंत तिथला एसी बंद.

परीक्षा मे महिन्यात झाली. ताईंनी बाकीचे सगळे दोष काढले, ही एक सोडली. माझ्या कागदावर त्यांचा एक गंभीर दोष ‘निसटला’ होता. नियमाप्रमाणे पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, आणि तोवर लाइनवर बसायचं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना बोलावलं, कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तर त्यांनीच हात पुढे केला.

“द्या बघू ती इकडे.”

खिडकीच्या उजेडात धरली, आडवी केली, बुडबुडे वर जाईपर्यंत थांबल्या, मग उभी केली. आणखी एकदा. आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“स्वच्छ आहे, मॅडम.”

मी ती दिव्याखाली नेली. काळा पडदा, पांढरा पडदा. तेल सोन्यासारखं नितळ होतं.

“डिसेंबरात घ्या माझी परीक्षा,” ताई म्हणाल्या आणि टोपी सारखी करत लाइनवर गेल्या.